खिशातला गॅमा मीटर आणि बव्हेरियातल्या अळंब्या : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, किरणोत्सार मोजणारं हे यंत्र ऑन करून टोपलीवर धरायचं आणि खायचं की फेकायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं, असं कुणाच्या डोक्यात असेल तर घेऊ नका, तीनशेच्या वर युरो पाण्यात जातील. रात्रभर डबा लावून ठेवून सकाळी ग्राफ बघायची हौस असेल तर मात्र वस्तू भारी आहे.

घेतलं का, तर आम्ही म्युनिकच्या बाजूला राहतो, बायको कोकणातली, पावसात वारुळाजवळच्या अळंब्या खात मोठी झालेली, त्यामुळे सप्टेंबर लागला की आमचा मुक्काम जंगलात. शेजारचे आजोबा जर्मन, ते पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "खा बिनधास्त, पण मारोने जरा बेतानं, चेर्नोबिल आहे त्यात." (मारोने ही इथली एक रानटी अळंबी.) मला वाटलं म्हातारबुवांचा जुना धसका असेल. पण तसं नाहीये. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि तिचा किरणोत्सारी ढग इथे आला तेव्हा नेमका दक्षिण बव्हेरियात पाऊस झाला, बव्हेरियन फॉरेस्ट आणि डॅन्यूबच्या दक्षिणेला काही ठिकाणी चौरस मीटरला 1 लाख बेकरेलपर्यंत (1 बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) सिझियम-137 हे किरणोत्सारी मूलद्रव्य पडलं. त्याचं अर्धायुष्य 30 वर्षं, म्हणजे अजून निम्म्याला थोडं कमी एवढं शिल्लक आहेच.

आता शेतातला बटाटा, गहू यांचं फारसं काही नाही, कारण नांगरटीनं ते खोलवर मिसळलं आणि चिकणमातीनं धरून ठेवलं. जंगलात नांगर कोण घालणार? तिथे वरचा कुजलेल्या पानांचा थर, त्यातच बुरशीचं जाळं (अळंबी हे त्याचंच फळ), झाडाला सिझियम आणि पोटॅशियम यातला फरक फारसा कळत नाही, म्हणून ते वर ओढलं जातं, पान गळतं, परत खाली, परत बुरशीत. असं हे चाललंय तेव्हापासून.

तर यंत्र. काडेपेटीहून थोडं मोठं, आत 1 घन सेंटीमीटरचा सिझियम आयोडाइडचा क्रिस्टल (हो, सिझियमच, पण साधं, किरणोत्सारी नसलेलं, गंमत आहे ना), ब्लूटूथवर मोबाईलला जोडतं. स्क्रीनवर डोस रेटचा, म्हणजे तासाला किती किरणोत्सार लागतोय त्याचा आकडा येतो आणि सगळे नवे लोक त्या आकड्यालाच चिकटून बसतात. हॉलमध्ये जेवढा आकडा दिसतो साधारण तेवढाच अळंब्यांच्या टोपलीवर दिसतो. इथे विक्रीची मर्यादा किलोला 600 बेकरेल, म्हणजे मर्यादेवरच्या अर्धा किलो अळंबीत सेकंदाला फक्त 300 विघटनं, तीही चारी दिशांना, एवढ्याशा क्रिस्टलला त्यातलं मिळणार किती, वर भिंती, जमीन आणि आकाशातून येणारा मारा चालूच. त्यामुळे आकडा हलला नाही म्हणून अळंबी स्वच्छ, असं अजिबात नाही, हे लिहिणारा एकही रिव्ह्यू मला घ्यायच्या आधी दिसला नव्हता.

खरं काम स्पेक्ट्रममध्ये आहे, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याच्या ग्राफमध्ये. माझी पद्धत अशी, अळंब्या चिरून वाळवायच्या, दहा भागातलं नऊ भाग पाणीच असतं त्यामुळे तेच सिझियम दहापट दाट होतं, मग काचेच्या बरणीत भरून मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मीटर खुपसायचा, बाहेरचे किरण अडवायला भोवती छपराच्या कामाचा शिशाचा पत्रा गुंडाळायचा आणि झोपायला जायचं. दुसऱ्या रात्री तीच बरणी रिकामी, तेच शिसं, तेवढाच वेळ. पहिल्यातून दुसरं वजा केलं की 662 केईव्हीच्या (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) जागी उंचवटा राहिला तर ते सिझियम. इथे एक खोच आहे, रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूपासून होणाऱ्या बिस्मथ-214 ची रेघ 609 वर असते आणि एवढ्या छोट्या क्रिस्टलला दोन्ही नीट वेगळी दिसत नाहीत, एकातएक घुसतात. तळघरात तर रेडॉन रोज कमीजास्त होतो, म्हणून तळघरात मोजूच नका, वरच्या मजल्यावर हवा खेळती ठेवून मोजा.

काय दिसलं? झेमेलश्टोपेलपिल्त्स, म्हणजे टोपीखाली बारीक काटे असतात ती, तिचा उंचवटा सकाळी चहा टाकायच्या आधीच डोळ्यात भरला. मारोनेचा मध्यम. श्टाइनपिल्त्स या दुसऱ्या रानटी अळंबीचा जेमतेम. सुपरमार्केटच्या पांढऱ्या बटन मशरूमला 662 वर सपाट, फक्त 1460 ला पोटॅशियम-40, ते नैसर्गिकच, केळ्यातही असतं. सगळ्यात ठसठशीत निघाली ती मात्र आजोबांच्या लाकडाच्या शेगडीतली राख. लाकूड जळून जातं, सिझियम राखेत उरतं. आजोबा ती गुलाबांना घालायचे, आता कचऱ्यात टाकतात.

घाबरायचं किती, तर हिशोब सोपा आहे. 80 हजार बेकरेल सिझियम-137 पोटात गेलं तर मोठ्या माणसाला साधारण 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या डोसचं माप). किलोला 2000 वाली पाव किलो अळंबी खाल्ली तर 500 बेकरेल, म्हणजे सहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, म्युनिक-मुंबई विमानात एका फेरीत याहून जास्त डोस मिळतो. म्हणून हंगामात दोनचारदा खायला आमची हरकत नाही, पोरांना मात्र काटेवाली देत नाही. घरच्यासाठी गोळा केलेल्याला कायद्यानं मर्यादाच नाहीये, ती फक्त विकायला.

रानडुकराचं प्रकरण वेगळंच आहे. हरणाच्या मांसातलं सिझियम वर्षागणिक उतरलं, डुकराचं उतरतच नाही, कारण ते जमीन उकरून हिर्शट्रुफेल नावाची जमिनीखालची बुरशी खातं आणि ती सिझियम साठवून बसलेली असते. 2023 च्या एका अभ्यासात तर निघालं की त्यातला बराच वाटा चेर्नोबिलचा नाहीच, त्याच्या आधीच्या अणुचाचण्यांचा आहे. इथे शिकारी लोकांची स्वतःची मोजणी केंद्रं आहेत, 600 च्या वर गेलं की मांस विकता येत नाही. तिथले डिटेक्टर मोठे, शिसं जाड, काही मिनिटांत आकडा. माझ्या यंत्राला तेच करायला रात्र लागते.

तक्रारी. अॅप मध्यरात्री ब्लूटूथ सोडतं, मोजणी यंत्रात चालू राहते म्हणून वाचलो. खोलीचं तापमान बदललं की रेघा सरकतात, हीटर लागायच्या दिवसात परत परत कॅलिब्रेट करावं, म्हणजे रेघा जागेवर आणून घ्याव्या लागल्या. आणि किलोला किती बेकरेल हे ते स्वतःहून सांगत नाही, त्यासाठी एक नमुना लॅबमधून मोजून आणून त्याच्याशी आपली बरणी ताडून घ्यावी लागते. म्युनिकला उम्वेल्टइन्स्टिट्यूट ही पर्यावरण संस्था लोकांनी आणलेल्या अळंब्या मोजतं, मी तोच रस्ता धरला, नाहीतर ग्राफ नुसता बघत बसायचा.

हां, दिवाळीत पुण्याला नेलं होतं, तिथे डोस रेटचा आकडा इथल्यापेक्षा कमी. आपला काळा बेसाल्ट फार शांत दगड, इकडच्या ग्रॅनाइटसारखा युरेनियम-थोरियमवाला नाही. सासरे म्हणाले, बंद पडलंय का बघ.

फक्त खाण्यापुरती काळजी असेल तर हंगामात एकदा लॅबला अळंब्या द्या, स्वस्तात काम होईल. हौस असेल तर यंत्र घ्या, पण शिशाचं बजेट वेगळं धरा.