एनव्हीडीएवर मराठी प्रूफं: कान तयार, ऱ्हस्व-दीर्घाची मारामार

मला दिसत नाही आणि तरी मी प्रूफं तपासतो, एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे हे आधीच सांगतो, लोक पहिलं तेच विचारतात. मायकल करन या अंध प्रोग्रामरने 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं. सोबत येणारा ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पहिला आठवडा डोकं उठतं, पण प्रूफाला मला तोच बरा वाटतो, गोड आवाज असला की माणूस मजकुरात रमतो आणि चूक निसटते.

शब्द दोनदा पडलाय, 'नाही' गळालंय, हे कानाला लगेच खटकतं. एका अहवालात 'अध्यक्षांच्या भांडणाने सभेची सांगता झाली' असं होतं, दोन डोळस माणसांच्या हाताखालून गेलेलं. मागे जाऊन परत ऐकलं, भांडणानेच! हवं होतं भाषणाने. (खरं काय झालं असेल देव जाणे.)

इन्सर्ट-पी दाबत दाबत विरामचिन्हांची लेव्हल 'सगळी'वर न्यायची, कटकट होते पण मजा बघा, कोणी दुःख मधला विसर्ग कोलनने टाइप केला असेल तर हे शब्दाच्या मध्येच 'कोलन' म्हणतं. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात म्हणे.

आता रडगाणं. वेगात ऐकताना 'आणि' आणि 'आणी' यातला फरक मला तरी कळत नाही. म्हणून मी नेहमीच्या चुकांची यादीच ठेवलीय, कंट्रोल-एफ मारून एकेक शोधतो, वेळ जातो. मध्ये मित्राचं ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर ब्रेलच्या उठावदार टिंबांत दाखवणारं यंत्र) चार दिवस आणलं होतं, त्यावर बोटाखाली 2 आणि 4 नंबरची टिंबं आली की ऱ्हस्व इ, 3 आणि 5 नंबरची आली की दीर्घ ई, विषय संपला. पण त्याची किंमत ऐकून मी परत यादीवर आलो.

आणि फाईल युनिकोडमध्येच मागा. एका अंकवाल्यांनी जुन्या डीटीपी फॉन्टमधली पाठवली (त्यात आत इंग्रजी अक्षरं-चिन्हंच असतात, मराठी फक्त वरचा आकार; युनिकोडमध्ये मराठी अक्षर आतूनही मराठीच), स्क्रीनवर म्हणे सुंदर मराठी, माझ्या कानात मात्र एबीसीडी आणि टक्के-डॉलरची खिचडी. फोन केला तर ऑपरेटर म्हणतो, "अहो सर, उघडून बघा ना, व्यवस्थित दिसतंय."

5 पैकी 4. कापलेला एक ऱ्हस्व-दीर्घासाठी, ऑपरेटरसाठी नाही.