कोरे म्हणून जुने लिथियम सेल गळ्यात मारले. कॅम्पर व्हॅन बांधणाऱ्यांनो, सावध राहा

महागड्या कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, धंद्यात असाल तर हे वाचाच. आमचे 4 लाख 40 हजार बुडाले आणि बुडवणारा आजही उजळ माथ्याने माल विकतोय.

पाच व्हॅनच्या बॅटऱ्यांसाठी 280 अँपिअर-तास क्षमतेचे 40 लिथियम आयर्न फॉस्फेट सेल मागवले होते. 'ए ग्रेड, एकदम कोरे.' 2 लाख 64 हजार आगाऊ, 1 लाख 76 हजार माल निघण्याआधी. या धंद्यात व्यवहार असेच होतात, त्यामुळे 'एवढे पैसे आधी दिलेच कसे' हे विचारू नका. ग्राहकाला किंमत बांधून दिलेली असते, सुटा माल महाग पडतो.

खोका उघडला तो क्षण आठवला की अजून डोकं तडकतं. टर्मिनलवर, म्हणजे तार जोडायच्या टोकांवर, पॉलिश पेपर मारल्याच्या बारीक रेघा होत्या, कडेला जुन्या वेल्डिंगचा डाग. वरचं निळं आवरण मात्र करकरीत! विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "टेस्टिंगचे डाग आहेत साहेब." मीटर लावला, सगळे 3.29 व्होल्ट. यावर कोण शंका घेईल? पण थकलेला सेलही व्होल्टेज नव्यासारखंच दाखवतो. पूर्ण चार्ज करून 2.5 व्होल्टपर्यंत उतरवल्याशिवाय क्षमता कळत नाही. हे फर्निचर बसवण्याआधी करा, नंतर नाही!

पहिलीच व्हॅन डोंगरात मध्यरात्री बंद पडली. हीटर गार आणि आत लहान मूल. पलंगाखालचं सगळं लाकूडकाम उचकटून सेल बाहेर काढले. चाचणीत 280 सोडाच, एकही 190 अँपिअर-तासांच्या वर गेला नाही.

पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, मग हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाने तर कहर केला: धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही! आणि आमचा ग्राहक मात्र त्याच आयोगात आमच्यावर दावा लावू शकतो. मग आम्ही जायचं कुठे? वकिलाची फी भरून वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या? प्रत्येक टेबलावर तोच अर्ज, तीच बिलं, आणि 'साहेब जागेवर नाहीत'.

सेलवरचा क्यूआर कोड खरवडलेला किंवा वरून चिकटवलेला दिसला तर माल उतरवूनच घेऊ नका. प्रत्येक सेलच्या क्रमांकाचा कारखान्याचा रिपोर्ट आधी मागा. निदान 40 टक्के रक्कम चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. विक्रेता कुरकुरला तर दुसरा बघा. आणि ग्राहकाच्या करारात बॅटरीची वॉरंटी पुरवठादाराच्या वॉरंटीपेक्षा एक दिवसही जास्त लिहू नका. आम्ही पाच वर्षांची लिहिली होती. पाचही व्हॅनचे सेल आता आमच्याच खिशातून बदलतोय.