नुसतं ‘मेट’, ‘मेट ईच अदर’ की ‘मेट विथ’?

दोघांनी मिळून केलेली क्रिया इंग्रजीत सांगायची तर नुसतं क्रियापद पुरे, मागे ‘ईच अदर’ जोडायचं की मध्ये ‘विथ’ घालायचं? ऑफिसचा मेल असो वा स्पर्धा परीक्षेचा पेपर, गाडी इथे हमखास अडते.

नुसतं क्रियापद सगळ्यात सुटसुटीत, पण ते मोजक्यांनाच चालतं: मीट, मॅरी, किस, आर्ग्यू, क्वॉरल, अग्री, चॅट. ‘रवी अँड मीना मेट’ इथे वाक्य पुरं झालं. ‘रवी अँड मीना हेल्प्ड’ म्हटलंत तर मात्र दोघांनी तिसऱ्याच कुणाला मदत केली, असं वाटतं. हेल्प, ट्रस्ट, लाइक, ब्लेम यांना ‘ईच अदर’ हवंच. तिथे ‘देमसेल्व्ज’ लिहू नका. ‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ज’ म्हणजे दोघं आपापल्यालाच बोल लावत बसले.

सुटसुटीतपणा कधीकधी अंगाशी येतो. ‘राहुल अँड स्नेहा गॉट मॅरिड इन मे’ हे वाक्य बिनचूक आहे, पण राहुल-स्नेहा सख्खे बहीणभाऊ असतील तर? वाक्य सरळ दोन करा.

‘विथ’चं प्रकरण जरा नाजूक. ‘आर्ग्यूड विथ’ बरोबर, ‘मॅरीड विथ’ चूक. आपण रवीशी लग्न करतो म्हणून तो ‘विथ’ घुसतो. इंग्रजीत ‘मीना मॅरीड रवी’ एवढंच. ‘मेट विथ’ अमेरिकेत ठरवून घेतलेल्या बैठकीला सर्रास वापरतात, रस्त्यात सहज भेटलेल्या मित्राला नाही. आणि ‘विथ’ने क्रियेचा भार एकाकडे जातो. ‘द बस अँड द ट्रक कोलायडेड’ वाचलं की दोन्ही गाड्या धावत होत्या असंच डोळ्यांपुढे येतं. ट्रक झाडावर आदळला असेल तर ‘द ट्रक कोलायडेड विथ अ ट्री’ लिहा. ‘द ट्रक अँड द ट्री कोलायडेड’मध्ये झाडही समोरून धावत येतं! तुमची गाडी उभी असताना कुणी ठोकली असेल, तर विम्याच्या अर्जात ‘अँड’ घालून अर्धा दोष स्वतःकडे ओढून घेऊ नका.

राहिला ‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’चा वाद. दोघांसाठी पहिलं, जास्त जणांसाठी दुसरं, हे शाळेत घोटून घेतलेलं असतं. इंग्रजी शब्दवापरावरचा नावाजलेला कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 मध्येच हा भेद निराधार ठरवला होता, आणि चांगले लेखक तो पाळतातच असं नाही. लिहिताना मीही सरसकट ‘ईच अदर’च वापरतो. परीक्षेत पर्याय निवडायचा असेल तर मात्र शाळेचाच नियम धरा.