अ‍ॅक्सिव्हिटी एएक्स३ : संशोधनाला उत्तम, हौसेला निरुपयोगी

स्मार्टवॉच समजून कुणी अ‍ॅक्सिव्हिटी कंपनीचं एएक्स३ हे हालचाल नोंदवणारं यंत्र मागवलं, तर ते पहिल्याच दिवशी परत पाठवेल. पडदा नाही, ब्लूटूथ नाही, फोनवरचं अ‍ॅप नाही. पावलंही मोजून मिळत नाहीत. ११ ग्रॅमची एक बंद डबी, आत वेगातला बदल मोजणारं तीन अक्षांवरचं अ‍ॅक्सेलरोमीटर, तापमान आणि उजेडाचे सेन्सर, ५१२ एमबी मेमरी आणि मायक्रो यूएसबीचं भोक. ती सिलिकॉनच्या पट्ट्यात बसवायची आणि मनगटावर बांधून विसरून जायचं. आंघोळीलाही काढायची गरज नाही.

ही डबी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या ‘ओपन मूव्हमेंट’ प्रकल्पातून आली. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने २०१३ ते २०१५ दरम्यान ती टपालाने लोकांच्या घरी पाठवली, त्यामुळे तिचं नाव झालं. २,३६,५१९ जणांना विचारणा झाली, १,०३,७१२ जणांचा डेटा हाती आला. १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० नोंदी), ±८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या आठपटीपर्यंतचं माप), हुकमी म्हणजे जास्त वापरातल्या हाताचं मनगट, सात दिवस. लोकांनी सरासरी जवळपास पूर्ण आठवडा ती घालून ठेवली आणि त्यातला ९३ टक्क्यांहून जास्त डेटा वापरण्याजोगा निघाला. टपालावर चाललेल्या कामात हा निकाल फार चांगला आहे.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती कंपनीची या सगळ्यातली जागा. बाजारातले बहुतेक बँड हिशेब स्वतः करतात आणि आपल्याला फक्त उत्तर देतात. मध्येच अपडेट आलं की त्याच माणसाची झोप वेगळी दिसू लागते आणि दोन वर्षांच्या अभ्यासाचे दोन तुकडे होतात. अ‍ॅक्सिव्हिटी उत्तर देतच नाही. कच्चा डेटा देते, तो ज्या सीडब्ल्यूए फाइलमध्ये येतो तिची रचना सगळ्यांना खुली आहे, सॉफ्टवेअर ओपन सोर्स. म्हणून तोच डेटा लोक पुन्हा पुन्हा नव्या पद्धतींनी तपासू शकतात. २०२३मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये कार्डिफच्या गटाने दाखवलं, की पार्किन्सन्सचं निदान होण्याच्या कित्येक वर्षं आधीच हालचाल मंदावलेली दिसते. डेटा तोच, २०१५पर्यंत गोळा झालेला. डबी बनवणाऱ्याला हे काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आता वापराचं. विंडोजवर ओएमगुई हे डबीचं सॉफ्टवेअर उघडा, डबी जोडा, बॅटरी पूर्ण भरा. आधीचा डेटा उतरवून घ्या आणि मगच ‘क्लिअर’ करा. हा क्रम चुकला की डेटा गेला. मग सहभागीचा क्रमांक, वारंवारिता, रेंज, सुरू आणि बंद होण्याची वेळ भरा. टपालाने पाठवणार असाल तर सुरुवात दोन कामाचे दिवस पुढे ढकला, नाहीतर डबी पाकिटातच मोजत बसते. रेकॉर्डिंग चालू असताना दिवा लुकलुकण्याचा पर्याय बंदच ठेवा, तो बॅटरी खातो.

१०० हर्ट्झला सात दिवसांची फाइल सुमारे २५० एमबी होते. म्हणजे चौदा दिवसांत मेमरी भरते, आणि बॅटरीची हमीही तेवढीच. हजार माणसांचा अभ्यास असेल तर साठवणुकीचा खर्च आधी मांडा. डबीतलं घड्याळ संगणकाच्या वेळेवरून लागतं आणि टाइम झोन नोंदवत नाही. ब्रिटनमध्ये ऋतूनुसार घड्याळं मागेपुढे होतात, तिथे हे निस्तरावं लागतं. भारतात ती भानगड नाही, फक्त संगणकाची वेळ बरोबर हवी. आणि बॅटरी उतरलेल्या डब्या महिनोन्‌महिने कपाटात टाकू नका. लिथियमची बॅटरी पार उतरली की पुन्हा उठेलच असं नाही.

सगळ्यात जास्त चुका कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरचं माप बरोबर लावण्यात होतात. नेहमीचा हिशेब असा: तिन्ही अक्षांची एकत्रित तीव्रता काढायची, त्यातून गुरुत्वाकर्षणाचा १ जी वजा करायचा, उणे आलं तर शून्य धरायचं. दिवसभराची सरासरी ३० मिली-जीच्या (मिली-जी म्हणजे १ जीचा हजारावा भाग) आसपास येते. सेन्सर नुसता ३ टक्के चुकला तरी चूक तेवढीच, म्हणजे मापाएवढीच चूक! म्हणून डबी स्थिर असलेले क्षण शोधून, तिथे बरोबर १ जी येईल असं माप दुरुस्त करतात. त्यासाठी ती वेगवेगळ्या बाजूंवर स्थिर राहिलेली असावी लागते. आठवडाभर टेबलावर एकाच कुशीवर पडलेल्या डबीचं कॅलिब्रेशन होत नाही. तासभर किंवा जास्त वेळ मापातलं विचलन, म्हणजे चढउतार, १३ मिली-जीच्या खाली राहिलं, तर डबी घातलेली नव्हती असं धरतात. हे सगळं ‘आर’ या संगणकभाषेतलं जीजीआयआर पॅकेज किंवा ऑक्सफर्डच्या गटाचं पायथन भाषेतलं पॅकेज करून देतं. दोन्ही फुकट आहेत, पण चालवणारा माणूस फुकट मिळत नाही.

उणिवा सरळ आहेत. हृदयाचे ठोके नाहीत. डबी परत येईपर्यंत ती कुणी घातली की नाही हे कळत नाही. सायकल चालवताना मनगट हँडलवर स्थिर असतं, त्यामुळे श्रम कमी दिसतात. डोक्यावरून ओझं वाहणाऱ्याचंही तसंच. अमेरिकेच्या एनहेन्स या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाशी आकडे ताडून पाहायचे असतील तर जपून, तिथे यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं आणि बिनहुकमी हातावर होतं.

हात कसा वळतो हेही हवं असेल तर जायरोस्कोप (वळण मोजणारा सेन्सर) असलेलं याच कंपनीचं एएक्स६ घ्या, मात्र जायरोस्कोप चालू ठेवला की बॅटरी बरीच लवकर संपते; सात दिवसांचा बेत असेल तर आधी एका डबीवर पूर्ण आठवडा चालवून बघा.