योशिमी की सर्ज एक्सटी? (कोड उघडून खुडबुड करणाऱ्यांसाठी)

योशिमी आणि सर्ज एक्सटी हे दोन्ही खुल्या कोडचे सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज तयार करणारी वाद्यं. आधीच सांगतो, लिनक्सवर सिंथ फक्त वाजवायचा असेल तर पुढचं वाचू नका. सर्ज एक्सटीचं तयार पॅकेज टाका, पहिल्या पाच मिनिटांत असा आवाज निघेल की योशिमीची आठवणही येणार नाही. हे लिहितोय ते सोर्स कोड उतरवून स्वतः बिल्ड करणाऱ्यांसाठी, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी, एक ओळ बदलून काय होतं ते ऐकायचं आणि क्रॅश झाला की जीडीबी हा डीबगर (चूक शोधायचं साधन) लावून बसायचं, अशी सवय असलेल्यांसाठी. मी दोन्ही केलेत, आता एकच करतो.

घराणी वेगळी आहेत. योशिमीचं मूळ म्हणजे झिनअ‍ॅडसबएफएक्स. ते रोमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियन पॉलने २००२ मधे सुरू केलं, त्यातून २००९ मधे अ‍ॅलन कॅल्व्हर्टने योशिमी वेगळा काढला, पुढे विल गॉडफ्रेने सांभाळला. सगळं लक्ष लिनक्सवर. सर्ज आधी विकतचा प्लगइन (संगीताच्या दुसऱ्या प्रोग्राममधे जोडायचा) होता, क्लेस योहानसनच्या व्हेम्बर ऑडिओचा. २०१८ मधे कोड खुला झाला आणि २०२२ मधे ज्यूस या ऑडिओ फ्रेमवर्कवर बसवलेला एक्सटी आला. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे आणि वेगवेगळ्या प्लगइन फॉरमॅटमधे चालला पाहिजे, म्हणून सोबत सामानही तेवढंच येतं.

आता माझं सामान सांगतो. नागपुरात बर्डीवरून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, दोन कोअर, ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन. मे महिना, नागपूरचं ऊन, खोलीत कूलर, आणि मी मोठ्या उत्साहाने सर्ज क्लोन केला, म्हणजे त्याचा कोड उतरवला. सबमॉड्यूल, म्हणजे त्याला लागणारे इतर कोड, एकामागून एक उतरत राहिले, मधे लाईट गेली, राऊटर बंद, परत सुरू. मग सीमेकने बिल्डची तयारी झाली आणि मी हुशारी करून चार जॉब लावले, म्हणजे एका वेळी चार फाईल कंपाईल. थोड्या वेळाने माउस हलेना, डिस्कचा दिवा पेटलेलाच, आणि शेवटी टर्मिनलवर एक ओळ, ‘किल्ड’. कोडमधे काही चूक नव्हती, रॅम संपली म्हणून कर्नलने कंपायलरलाच मारलं होतं. एकच जॉब लावला तेव्हा झालं एकदाचं, पण तासाच्या वर गेला आणि लॅपटॉपचा पंखा इतका ओरडत होता की आई आतून म्हणाली, काय करून राहिला रे, मिक्सर चालू आहे का.

तेही चाललं असतं. पहिला बिल्ड लांबला तर जेवून येतो माणूस. खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. सर्जचे बरेचसे इफेक्ट्स आता वेगळ्या हेडर लायब्ररीत (दुसऱ्या फाईलमधे ओढून घ्यायचा कोड) आहेत, त्याही सबमॉड्यूल म्हणून येतात. म्हणजे डिले या प्रतिध्वनीच्या इफेक्टमधे एक आकडा बदलला की तो हेडर ज्या ज्या फाईलमधे येतो त्या सगळ्या परत कंपाईल, मग लिंक, आणि तेवढ्यात आपण काय ऐकायला बसलो होतो तेच विसरतो. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. योशिमी त्याच मशीनवर पूर्ण बिल्ड दहा मिनिटांच्या आत झाला, आणि एक फाईल बदलली तर चहाचा कप संपायच्या आधी वाजायला तयार. घड्याळ लावून मोजलेलं नाही, तुमच्या मशीनवर वेगळं असेल.

हे एवढं का ताणतोय, तर ऑडिओचा बग ब्रेकपॉइंटने, म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवून, नीट सापडत नाही. सेकंदाला ४८००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे हातात ५.३ मिलिसेकंद, जीडीबीने ऑडिओचा धागा (थ्रेड) थांबवला की आवाज गेला, एक्सरनचा (वेळेत आवाज न पोचल्याने पडणाऱ्या खंडांचा) पाऊस, आणि जॅक हा ऑडिओ सर्व्हर तर वाट बघून प्रोग्रामला बाहेरही काढू शकतो. मी मग किमती छापायला प्रिंटएफ टाकला, तर त्या प्रिंटएफनेच नवीन टकटक सुरू झाली, कारण ऑडिओ धाग्यात तसलं काही करायचंच नसतं. शेवटी किमती एका अ‍ॅरेमधे साठवून नंतर बघायच्या, हाच रस्ता राहतो, आणि त्यात दर वेळी बदल, बिल्ड, ऐक.

माझा बग होता योशिमीत मीच घुसवलेल्या डिलेमधे. सूर वाजताना सगळं ठीक, सूर सोडला आणि शेपटी विरत आली की सीपीयू चढायचा. शांततेत जास्त काम, हे काय लफडं! आकडे छापून पाहिले तेव्हा कळलं, फीडबॅक (डिलेत परत फिरणारा आवाज) शून्याकडे जाताना इतके बारीक फ्लोट (दशांश आकडे) उरत होते की प्रोसेसर त्यांच्यावर अडखळत होता, डीनॉर्मल म्हणतात ते. ठराविक मर्यादेखाली गेलं की सरळ शून्य करून टाकलं, मिटलं. यासाठी मी पंचवीस-तीस वेळा तरी बिल्ड केला असेल. सर्जवर एवढ्यात पावसाळा आला असता.

सर्जच्या बाजूनेही बोलायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. त्यात टेस्ट व्यवस्थित लिहिलेल्या आहेत, पायथनमधून इंजिन चालवता येतं, खिडकी न उघडता आवाज काढून तपासता येतो. कोड शिकायचा असेल, सी-प्लस-प्लस चांगलं येत असेल आणि मशीनमधे १६ जीबी असतील तर कदाचित तोच बरा. योशिमीचा कोड जुना आहे, काही ठिकाणी हे काहून असं लिहिलंय असं वाटतंच, आणि चेहरा तर विचारूच नका. पण तोही बिनखिडकीचा चालतो, टर्मिनलवर त्याची स्वतःची कमांड लाईन आहे, डीबगरखाली हे फार कामी येतं. शिवाय योशिमीतलं पॅडसिंथ, आवाज बनवायची एक पद्धत. हार्मोनिक पसरवून, फेज वाटेल तसे टाकून, उलट्या एफएफटीने (वेगवेगळ्या कंपनांतून आवाजाची लहर बनवायचं गणित) एक लांब वेव्हटेबल आधीच बनवून ठेवायची आणि वाजवताना फक्त वाचायची. त्यात मी तानपुऱ्यासारखा ड्रोन लावून ठेवतो, माझ्या डबड्या लॅपटॉपलाही जड जात नाही.

तर माझ्याकडे सध्या सर्ज पॅकेजमधून टाकलेला आहे, वाजवायला. बिल्ड फोल्डर फक्त योशिमीचा. तुम्हीही तोच घेतला तर पूर्ण डीबग बिल्ड लावू नका, ऑप्टिमायझेशन नसल्याने तोच एक्सरन देईल आणि बग आपला आहे की त्याचा कळणार नाही. ओ-टू (कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची पातळी) ठेवून डीबग माहिती जोडा, थोडी व्हेरिएबल दिसणार नाहीत, चालतं. आणि सुरुवात इफेक्ट्सच्या फोल्डरमधल्या एकोच्या फाईलपासून करा. छोटी आहे, आणि काही बिघडवलं तर लगेच ऐकू येतं.