नसा 'धुणारी' कॅप्सूल आणि आप्पांची बंद झालेली गोळी

आप्पांच्या अँजिओप्लास्टीला चार वर्षं झाली. कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी त्यांनी कधी चुकवली नव्हती. मार्चमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत तपासणी शिबिर होतं, तिथून ते 'प्लांट स्टेरॉल'च्या तीन डब्या घेऊन आले. ८,४०० रुपये रोख, पावती नाही.

शिबिरातल्या मुलाने म्हणे ग्लासभर पाण्यात तेल ओतलं, कॅप्सूल फोडून भुकटी टाकली आणि ढवळलं. तवंग गेला, पाणी दुधाळ झालं. "काका, नसांमधली चरबी अशीच विरघळते. आता ती गोळी कशाला?" आप्पांनी गोळी थांबवली, आम्हाला सांगितलंही नाही. नंतर मी घरी तेच भांड्यांच्या लिक्विडने करून पाहिलं. पाणी तसंच दुधाळ झालं.

जास्त राग याचा येतो, की स्टेरॉल ही खोटी गोष्ट नाही. शेंगदाणे, तीळ, खाद्यतेलं यांत ती असतातच. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखी, त्यामुळे आतड्यात ती त्याची जागा अडवतात आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. स्वतः ती रक्तात जेमतेमच उतरतात, मग नसा धुणार कुठून? रोज साधारण २ ग्रॅम, तेही जेवणासोबत घेतली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ८ ते १० टक्क्यांनी उतरतं. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या स्टॅटिनची, म्हणजे आप्पांच्या त्या रात्रीच्या गोळीची, जागा ती घेऊच शकत नाहीत.

डबीवर 'हिमालयातील दुर्मिळ वनस्पतींचा अर्क'! बाजारातली बहुतेक स्टेरॉल सोयाबीनसारखं तेल शुद्ध करताना, वास काढायच्या टप्प्यावर वाफेबरोबर जे बाहेर पडतं त्यातून काढतात, नाहीतर पाइनच्या लाकडाचा लगदा करताना उरणाऱ्या तेलातून. आणि मागे, भिंगाखाली धरल्यावर दिसलं: एका कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम. रोज दोन घ्यायच्या. २ ग्रॅम व्हायला ४० लागतील.

जूनच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ६८ वरून १४२ वर गेलेलं. डॉक्टरांनी त्याच रात्रीपासून गोळी सुरू केली. परतताना आप्पा रिक्षात एवढंच म्हणाले, "फार मायेने बोलला गं तो."

त्या मुलाचा नंबर बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे. पावती नसल्याने उरलेली अर्धी डबी मी जपून ठेवली आहे, पुरावा म्हणून तेवढीच हातात आहे. तुमच्याकडे असं शिबिर लागलं तर घरातल्यांच्या औषधांची पाकिटं एकदा मोजून पाहा.