थंडीत कोंबड्या घरात घ्याव्या का खुराड्यातच ठेवाव्या?

वेण्णा लेकच्या कडेला दवाचं बर्फ झालं अशी बातमी आली की महाबळेश्वर-पाचगणीकडं हा प्रश्न हमखास निघतो. परड्यात हौसेनं पाळलेल्या चार-पाच कोंबड्या असतात, पोरांनी त्यांची नावं पाडलेली असतात, आणि मग रात्री कुणाला झोप लागत नाही की बिचाऱ्या बाहेर काकडत असतील. आधीच सांगतो, कोंबडी मोठी आणि धडधाकट असेल तर माझं मत खुराड्याला, पण खुराडं धड पायजे. सांगली, मिरज, कराडकडच्यांनी तर एवढा विचारच करू नये, तिकडची थंडी कोंबडीच्या खिजगणतीत नसते.

कारण असं की कोंबडीचं अंगच 41 डिग्रीच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती आत हवा धरून ठेवते, दांडीवर बसली की पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते आणि शेजारणीला चिकटते. अंग कोरडं असलं आणि वारा लागत नसला तर शून्याच्या आसपासची रात्रही ती आरामात काढते. तिला आजारी पाडतं ते ओल आणि अंगावर येणारा वारा, म्हणून घर का खुराडं हे ठरवताना थर्मामीटर बघू नका, ही दोन कुठं कमी आहेत ते बघा.

आता घरातलं बघू. वारा लागत नाही, मुंगसाची आणि रानमांजराची भीती नाही, आणि आपल्याला झोप लागते, हे फायदे खरे. पण थंडी म्हणून आपण खिडक्या बंद करतो, आणि कोंबडी रात्रभर हागते, श्वासातून वाफ सोडते, त्यामुळं सकाळी त्या खोलीत गेलं की डोळे चुरचुरतात, तो अमोनिया. आपण दोन मिनिटं नाक धरून बाहेर येतो, ती रात्रभर त्यातच असते, आणि मग घशात घरघर, डोळ्यात पाणी सुरू झालं की लोक म्हणतात थंडी बाधली. दुसरं, आत 20 डिग्री आणि सकाळी सोडलं की बाहेर 5, रोज हा झटका देण्यापेक्षा तिला हळूहळू थंडीची सवय होऊ दिलेली बरी. पिसांची बारीक धूळ घरभर होते, कुणाला दमा असेल तर विषयच संपला. स्वयंपाकघरात तर अजिबात नको, विष्ठेतून साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, येऊ शकतो, आणि रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुरानं पक्षी मरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून ऊब देणं हे कोंबडीसाठी पण नको आणि माणसासाठी पण नको. कोंबडा असेल तर पहाटेचं मी काय सांगू!

खुराड्यात हवा खेळती राहते, घाण कमी, कोंबडी काटक होते. पण आपल्याकडची खुराडी बघितली तर वर पत्रा, आणि पहाटे त्या पत्र्याला आतून पाणी सुटून थेंब थेंब अंगावर पडतं, हे कुणी बघतच नाही. पत्र्याखाली गोणपाट नाहीतर जुनी प्लायवूड ठोका. त्याहून वाईट म्हणजे थंडी आली की चारी बाजूनं प्लास्टिक गुंडाळायचं, आतली वाफ जाणार कुठं? वारा येतो त्या बाजूला, आपल्याकडं थंडीत बहुतेक उत्तर-पूर्वेकडनं, खालून दांडीच्या वरपर्यंत गोणपाट लावा आणि छताजवळ चार बोटं फट उघडी ठेवा. खाली भाताचं तूस तीन-चार इंच, ओलं झालेलं काढून टाकायचं, बाकीचं हलवत राहायचं. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून घालतात, चालतं, पण कोरडं ठणठणीत पायजे, बुरशी आलेलं असेल तर फुफ्फुसाचा आजार होतो. दांडी दोन इंच रुंद ठेवा म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात. संध्याकाळी थोडा मका, सकाळी कोमट पाणी, एवढं पुरे.

बल्बचं म्हणाल तर 100 वॅटचा बल्ब दहा तास चालवला की एक युनिट जातं, पैशाचा प्रश्न नाही, पण तूस, पिसं, लोंबती वायर आणि फडफडणारी कोंबडी एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण, त्यात लाईट गेली की एकदम गारठा. मोठ्या कोंबडीला बल्ब नकोच. अंडी कमी झाली म्हणून लावत असाल तर ती मुख्यतः दिवस लहान झाल्यानं कमी होतात, डिसेंबरात आपल्याकडं 11 तासच उजेड असतो आणि भरपूर अंड्यांना 14-एक तास लागतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा, येतील.

दोन्हीच्या मधला मार्ग म्हणजे घराचा सोपा, पडवी किंवा बंद पोर्च. तिथं रात्रीपुरतं डालग्याखाली डाला, वारा नाही आणि हवा पण कोंडत नाही. पावसाळ्यात सडलेलं खुराडं अजून दुरुस्त केलेलं नसेल तर हेच करा.

घरात घ्यायचीच तर कुणाला? आईविना असलेल्या पिल्लांना, त्यांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 डिग्री लागतं आणि पुढं दर आठवड्याला 3-एक डिग्री कमी करत जायचं. खुडुक कोंबडीची स्वतःची पिल्लं असतील तर आईसकट डाला, तिच्यापेक्षा चांगला हीटर नाही. आजारी, भिजलेली, पिसं झडलेली, मानेवर पिसं नसलेल्या जातीची, आणि गरम शेडमधून नुकतीच विकत आणलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, यांना काही रात्री आत. मान टाकलेली किंवा हिरवट हागणारी असेल तर ऊब देत बसू नका, बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारा, राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोगही असू शकतो.

आणि ज्यांच्याकडं एकच कोंबडी उरलीय त्यांनी तिला पडवीत घ्यावं किंवा अजून दोन आणाव्या, कारण चिकटून बसायला कुणी नसलं की चांगल्या खुराड्यातही तिला थंडी जास्त लागते.